एका निरोगी गावाचा अहवाल

माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब आणि पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण मूल गावी जमलो त्या आमच्या प्रशिक्षिका सुगंधाबाई, आणि जेवणाची वेळ टळली तरी बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीची स्तुती केली. मी बोलणार आहे ते त्यांच्यामुळे झालेल्या माझ्या नुकसानाबद्दल.

सन पंचावन्नात मी नागपूरहून इथे आरोग्यसेवक म्हणून शिकायला आलो. गावाच्या आरोग्याच्या गरजा कशा ओळखाव्यात, हे बाई शिकवत. मला ते आधीच येत होतं. माझ्याजवळ छापील प्रश्नावली होती. मोहटोल्याला गेलो, पाटलांच्या ओसरीत बसलो, चहा घेतला आणि गावात रोगराई काय, असं विचारलं. पाटील म्हणाले, काही नाही. जमलेल्या आठ पुरुषांनी माना डोलावल्या. मी लिहिलं, 'गाव निरोगी. गरज : स्वच्छतेवर व्याख्याने.' अक्षर सुंदर होतं. अहवालाला पहिला क्रमांक मिळाला, डॉक्टरसाहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्रही. साहेबांना आठवत असेल. नसेल तर उत्तमच.

बाईंनी अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, की यात बाया कुठे आहेत. मग प्रश्नावली काढून घेऊन मला पुन्हा मोहटोल्याला नेलं, आठ दिवसांसाठी. धानाच्या रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. शेतातल्या बांध्यांमधून फिरताना बाईंनी रोगाचं नावही काढलं नाही. आज कामावर कोण आलं नाही, एवढंच विचारत गेल्या. सत्तावीस नावं निघाली. त्यातलं पहिलं मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरच्या मंगलीचं. ती घरात पाय लांब करून बसली होती. घोट्यातून नारूचा दोऱ्यासारखा जंत बाहेर आलेला, काडीला गुंडाळून ठेवलेला. महिनाभर ती उभी राहिली नव्हती.

मी जरा रागानंच विचारलं, की मागच्या वेळी हे कुणी सांगितलं का नाही. मंगली म्हणाली, "नारू का रोग व्हय, भाऊ? तो त दरसाल निंगते. अन् मले इचारलं कोनं?"

गावात पिण्याची एकच विहीर, पायऱ्यांची. नारू निघालेले पाय घेऊन लोक त्याच पाण्यात उतरत आणि तेच पाणी पीत. पायऱ्या बुजवून कठडा बांधायला हवा होता. बाईंनी मंजुरी मागितली. वरून उत्तर आलं, 'सदर गाव निरोगी असल्याचा उत्कृष्ट अहवाल दप्तरी आहे, सबब खर्चाचे कारण दिसत नाही.'

आता सांगा, दोष कुणाला द्यावा? अहवाल चुकीचा होता असं मीच लिहून द्यायचं, तर प्रशस्तिपत्र जाणार, कदाचित नोकरीही. तीन दिवस मी बाईंना टाळलं. चौथ्या दिवशी त्या माझ्या खोलीवर आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद तुमचा हाये भाऊ, पाय तिचा हाये. कोनाचं जास्त दुखते, तुमीच सांगा."

मी लिहून दिलं. प्रशस्तिपत्र परत घेण्यात आलं, नोकरीत कायम होणं वर्षभर लांबलं. कठड्याच्या मंजुरीला आठ महिने लागले. तोवर मंगलीनं घरोघरी जाऊन लुगड्याच्या दुहेरी पदरातून पाणी गाळायला लावलं. त्याला मात्र कुणाची सही लागली नाही.

कठड्याला आता दोन वर्षं झाली. यंदाच्या रोवण्यात मी मोहटोल्याला गेलो. नारूचा एकही रोगी सापडला नाही. या वेळी घरोघर विचारलं, साहेब. मंगली गुडघाभर चिखलात होती. मी हाक मारली. तिनं मान वर न करता सांगितलं, "आज नाई भाऊ, काम पडलं हाये." अर्धा तास मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा होतो, कुणी बस म्हटलं नाही. बाई, इतका आनंद मला त्या प्रशस्तिपत्रानंही झाला नव्हता.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यातल्या चुका मात्र पोटात घालू नका. उद्यापासून त्या दाखवायला बाई नसतील.