देवरावभाऊंची अमेरिकन शपथ

आमच्या ऑफिसातल्या देवरावभाऊंची शुगर डॉक्टरांना आवरली नाही, ती अमेरिकेनं आवरली. सर्व्हिस ठोकायची आणि जाळ्याकडे धावायचं, या जुन्या अमेरिकन टेनिसवर भाऊंचा भारी जीव. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी शपथ घेतली, की अमेरिकेचा पुरुष पुन्हा एकेरीत विम्बल्डनसारखी मोठी स्पर्धा जिंकेपर्यंत संत्रा बर्फीला शिवणार नाही. त्यांना वाटलं, चार महिन्यांचा प्रश्न. पण तेवढ्यात जग मागच्या रेषेवर उभं राहून चेंडू नुसता परत पाठवायला शिकलं. आमच्या ऑफिसात फाइल परत पाठवतात तसंच. जो आधी कंटाळेल तो हरला.

मध्यंतरी एक अमेरिकन फायनलला पोहोचला. भाऊंनी आम्हाला घरी बोलावलं आणि बर्फीचा डबा टीव्हीसमोर मांडला. वहिनी देवघरात जाऊन बसल्या. अमेरिकन सरळ सेटमध्ये हरला.

वहिनी बाहेर आल्या आणि तोच डबा उघडून आम्हाला बर्फी वाटू लागल्या.

“हारला तं बर्फी वाटीन, असं बोलली होती मी देवीले.”

भाऊंनीही हात पुढे केला. “मले नाही का वं?”

“काहून जी, तुमचा गडी जितला काय?” म्हणत वहिनींनी झाकण लावलं.