लाल बटन अन् एटापल्लीची बस

...नाई नाई, मशीन चालू कोनीबी करते हो! पन थांबवनं सोपं नाई, तुम्हाले सांगतो! मी खुशाल, माजरीच्या कोळसा खाणीत पंपावर नोकरीले, अन् शौक म्हनून घरीच लाकूड कोरायची मशीन बनवली, कॉम्प्युटरवर चालनारी, सीएनसी म्हंते तिले, इंटरनेटवर पाहू पाहू! आमची कांता, बायको माही, तिकडं दूर जंगलात एटापल्लीच्या दवाखान्यात नर्स. ते सुट्टीत आलती, तं म्हनलो, बस खुर्चीवर, तुह्यासमोर सागवानाचा पोळपाट काढतो! अन् मशीन जे घुसली खाली... पोळपाट गेला, टेबल गेला, मी कॉम्प्युटरवर 'स्टॉप, स्टॉप' दाबून राह्यलो, अन् तो आपला गपचिप! शेवटी कांतानं भिंतीतला प्लगच उपटला. मंग काय तिचा आवाज! "अवो, बोटं गेली असती तं? तिकडं लोकायले टाके घालू, का इथी तुमाले? झटक्यात थांबवनारं लाल बटन बसल्याबिगर मशीनले हात लावाचा नाई!"

बोलली अन् बसमध्ये बसून गेली.

ते गेली का घर कसं होते, सांगू? चहा ठेवाले जातो एकाचा, पाणी पडते दोघायचं... बरं, बटन आनलं. पावसाळ्यात सात्या निघते ना, अळंबी हो, तसंच टोपडं, पन लालभडक! जोडलं, दाबलं, मशीन थांबली! लगेच फोन लावला. तिच्या गावी रेंज भेटते फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथून ते ओरडते, "हॅलो... अन् बटनाची वायरच तुटली तं?"

म्या वायर काढून पाह्यली. दाबतो, दाबतो... मशीन मजेत! म्हंजे बटन होतं, पन नावाचंच! थांबवनं सोपं नाई हो!

मंग उलटं जोडलं. करंट बटनातूनच गेला पायजे, म्हंजे दाबलं तरी तुटते, उंदरानं वायर कुरतडली तरी तुटते. शेजारचे गुणवंतराव कंपाउंडवरून डोकावून, "काय खुशालभाऊ, बटन बसवता का रॉकेट सोडता?" म्हनलो, या जी, पाहाच! दाबलं, थांबली. बटन पुन्हा वर उचललं, अन् बाप्पा! मशीन आपोआप घर्रर्र! गुणवंतराव जे पळाले, चप्पल इथीच! मंग मधात एक खटका टाकला, एकदा सुटला का सुटला, वेगळं हिरवं बटन दाबल्याबिगर मशीन हालतच नाई.

आता खरं सांगू? काम एवढुसं होतं, म्याच लांबवून राह्यलो. रोज फोन, कांता, वायर कोन्त्या रंगाची घेऊ? तिले काय समजते वायरीतलं! पन तेवढ्यासाठी ते टाकीजवळ येते ना... "निळी घ्या," म्हंते. अन् मंग हळूच, "जेवले का?"

सुट्टीत आली. मशीन चालू केली, बटनावर हात तिचा. खाट! जागच्या जागी थांबली! वायर उपसली, थांबली! बटन वर केलं, तरी गप! कांता अशी हासली, अशी हासली... मले वाटलं, आत्ताच इचाराव. "कांता, इकडं बदलीसाठी अर्ज देल्लता ना तू, त्याचं काय झालं?"

हासू गेलं तिचं. "इकडं जागा निघालती, अवो. म्याच नाई म्हनलं. तिथी दुसरी नर्स नाई. जंगलातून बाया पायी येते बाळंतपणाले. मी निघाली तं त्यायनं कोनाकडं पाहाव?"

'नको जाऊ' एवढंच म्हनाचं होतं, ओठापर्यंत आलं बी... पन जंगलातून एखादी बाई पायी चालून येईन, अन् दवाखान्याले कुलूप! बॅग उचलली तिची, बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून देल्ली, अन् बस वळेपर्यंत उभा राह्यलो. थांबवनं सोपं नाई, तुम्हाले सांगतो...

मंग तिचा फोन आला, टाकीजवळून. "अवो, मशीन चालते ना आता? मंग माह्या खोलीच्या दारासाठी पाटी करून द्या."

केली मंग! सागवानाची, 'कांता' कोरलं सुबक. फोटो पाठवला, तं म्हंते, "असं काऊन? खाली तुमचं नाव टाका ना जी!"

टाकलं. अन् पार्सल करून देल्लं. चला... मी माजरीत, पन माह्यं नाव तरी एटापल्लीले राहाले गेलं!