अप्पांच्या कपाटावरच्या लाटा

हसू नका, आधी आमच्या अप्पांचं ऐका. तेव्हा भिंतींना टेक्सचर करायचं फॅड नुकतंच आलं होतं. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेल्या माझ्या वडिलांना वाटलं, टीव्हीच्या लाकडी कपाटालाही तेच करू. पुट्टीत बारीक वाळू आणि गोंद कालवून त्यांनी जाड थर दिला, आणि ओला असतानाच त्यावर कंगव्याने लाटा काढल्या. दोन दिवस खपले बिचारे.

तिसऱ्या दिवशी मी आणि अप्पा पंचवटीतून भाजी घेऊन आलो. बघतो तर आईचे हात कोपरापर्यंत पांढरे, मुठीत पॉलिश पेपर आणि कपाट एकदम गुळगुळीत!

मी ओरडणार, तेवढ्यात आईचे डोळे भरून आले. "अहो, हात थरथरायला लागलाय, तर मला सांगायचं नाही का? किती वाकडंतिकडं झालं होतं! सगळं घासून सारखं केलंय. कुणाला कळायचं नाही."

अप्पांचा हात दगडासारखा स्थिर होता हो! पण त्यांनी माझा दंड दाबला आणि म्हणाले, "बरं केलंस गं."

तेव्हापासून आई चहा घेऊन आली की अप्पा कप बशीत मुद्दाम खडखडवायचे.