कारीन आईंना भेटायला आली

आमच्या ऐरोलीच्या सतीशचं सांगतो. कॉलेजात असताना स्टुडंट एक्स्चेंजमधून डेन्मार्कची कारीन त्यांच्या घरी सहा महिने राहिली होती. सतीशच्या आईला ती आईच म्हणायची, मराठीही त्यांच्याकडूनच शिकली. परवा ती इथल्या आपल्या जुन्या घरी भेटायला आली, तेव्हा मीही तिथेच होतो.

दारातच तिनं विचारलं, "आई कुठे?"

"पनवेलच्या वृद्धाश्रमात असते," सतीश म्हणाला. "एकदम मस्त सोय आहे, टेन्शनच नाही. तू चहा घे."

"चहा नको. मला तिथे ने."

सतीशनं ऑफिसच्या कॉलचं कारण काढून पाहिलं, पण ती ऐकेना. शेवटी माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. रस्ताभर तो तिथल्या सोयी सांगत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

आश्रमातल्या ताईंनी विचारलं, "कोणाकडे आलात?"

"सुमनआईंकडे," कारीन म्हणाली. "मी त्यांची डेन्मार्कची मुलगी."

ताईंचा चेहरा खुलला. "तुमीच का त्या? आजी सारखं सांगतात, माझी मुलगी परदेशात आहे, म्हणून तिला येता येत नाही." मग त्या सतीशकडे वळल्या. "आणि आपण?"

"मुलगा," सतीश म्हणाला.

"असं होय," ताई म्हणाल्या. "मुलाचं त्या कधी काही बोलल्या नाहीत."