मावशींच्या फ्रिजमधला गवती चहा

नको भावा, फ्रिजमधला थंड चहा तूच पी. मारुंजीत सचिन आणि मी भाड्यानं राहायचो, फ्रिज घरमालकीण मावशींचाच. एकदा त्यात गुलाब, पुदिना आणि संत्र्याचा चहा तीन बाटल्यांत गार पाण्यात भिजत ठेवला. सकाळी चाखला, तर तिन्ही बाटल्यांना चव गवती चहाची!

“सच्या, तू टाकलास?”

“घरात गवती चहा आहेच कुठं, राव?”

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांना घोटभर दिला, तशा त्या मटकन खालीच बसल्या.

“माझी थोरली सून असाच करायची, ह्याच फ्रिजात. वारली बिचारी.”

मग उठल्या, फ्रिज उघडला आणि आत बघून मायेनं म्हणाल्या, “साखर इसरलीस गं.”

आमच्या घरात साखर नव्हतीच, दोघंही घेत नाही. संध्याकाळी उरलेली बाटली तोंडाला लावली.

गोडमिट्ट!