कडेवर कोण होतं

(कर्जत. नदीकाठच्या प्रार्थनाघराची मागची पायरी. काल पलीकडच्या काठावर या दोघांच्या आईला अग्नी दिला.)

बायजा : खांदा दिऊ दिला नाय म्हणून राग धरू नको रं दादा. भिवाजीकाका बोलला ते गावाच्या भ्यानं.

नामा : राग नाही गं. बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी आईनं मला उंबऱ्याबाहेर केलं. काल अलीकडं उभं राहून धूर तरी दिसला. सल एकच आहे. माझ्यावर रुसूनच गेली ना ती?

बायजा : तुमी हितं आयतवारी काय करता, मला ठावं हाय.

नामा : तुला कसं?

बायजा : गाणी झाली का एकेक जण उठतो. एका माणसाचं नाव घेतो, त्याचं चांगलं सांगतो, अन् असा माणूस दिला म्हणून देवाचं आभार मानतो. मंग सारी मिळून एक शब्द म्हणता. बाजारात काकड्या इकून झाल्या का मी खिडकीखाली बसायची. तू दर खेपेला आयचंच सांगायचास. पेजेतलं दाट आमाला वाढून निवळ आपण प्यायची, ते. शेजारच्या चिंधीच्या बाळंतपणाला न बोलावता धावली, ते.

नामा : लोक हसायचे मला. पाळक म्हणायचे, दुसऱ्या कुणाचं चांगलं तुला दिसतच नाही का? मी म्हणायचो, तिच्या तोंडावर सांगायची सोय राहिली नाही, देवाच्या तरी कानावर घालतो.

बायजा : तिच्याबी कानावर जायचं.

नामा : काय म्हणतेस?

बायजा : घरी गेले का इचारायची, "आज काय खपलं गं?" पाटी तर रिकामी दिसायची. मंग मी तुझं सांगायची. ती चुलीकडं तोंड करून ऐकायची. तुझं नाव घ्यायची नाय. पण त्या दिशी भाकर हमखास करपायची.

नामा : आणि गेल्या आयतवारी?

बायजा : ती लई खंगलेली. मी बाजाराला आलेच नाय.

नामा : बरं झालं. त्या दिवशी मी तिचं नाव घेतलं नाही, बायजे. पाळकांचं मनावर घेतलं आणि पाणी भरणाऱ्या पारूचं सांगितलं. आई तिकडं अंथरुणाला खिळलेली, आणि नेमकं तेव्हाच मी...

बायजा : सांजच्याला, मी बाजारातनंच आले असं वाटून, तिनं इचारलं. पैल्यांदाच उघड. "आज नाम्या काय बोलला?"

नामा : मग?

बायजा : मी रचून सांगितलं. म्हणलं, दादा बोलला, लहानपणी मला ताप आलेला, तर आयनं कडंवर घिऊन पार खालापूरच्या वैद्याकडं नेलं.

नामा : पण तसं झालं नव्हतं गं.

बायजा : तीबी तेच म्हणाली. "कडंवर तू हुतीस. नाम्या चालत आला, अंगात ताप घिऊन. मी दमले तर म्हणायचा, आय, तू बस, मी बायजाला धरतो. असं गुणाचं पोर मला दिलं देवानं."

नामा : नाव घेऊन म्हणाली?

बायजा : नाव घिऊन. तुमी उभं ऱ्हाऊन सांगता ना, तसंच. मंग माझा हात धरला अन् म्हणाली, "शेवटी सारी म्हणतात तो शब्द म्हण."

नामा : म्हणालीस?

बायजा : खिडकीखाली इतका ऐकला, पण ऐन वक्ताला तोंडात आला नाय. ती वाट बघत ऱ्हायली. आता तू म्हण, दादा.