कावळ्याला दिलेला शब्द

(भिंतीवर हार घातलेला रवळूचा फोटो. त्याखाली खुद्द रवळू बशीत चहा ओतून पितोय. समोर धाकटा भाऊ परशराम आणि भावजय मंगल.)

रवळू : आदी त्यो हार काढ परशा. च्या घशाखाली उतरंना.

परशराम : काढतो रं अण्णा. परमुलखात लढाईत गावलास, तितल्या तुरुंगात पडलास, आमाला काय ठावं? एकोणीस म्हैनं पत्त्या न्हाय. सगळी म्हटली, गेला. मग दिवस घातलं.

रवळू : माझं दिवस! आन कावळा शिवला?

परशराम : दोन तास न्हाय शिवला. "अण्णा, तुजी फटफटी विकणार न्हाय," म्हटलं. तरीबी न्हाय.

रवळू : फटफटी कुठाय?

परशराम : ...विकली.

मंगल : मग ह्यांनी साऱ्या गावासमोर हात जोडलं. "हॉटेलात आचारी करतो म्हणून ज्यानं तुला लढाईच्या छावणीत धाडलं, त्या एजंट शामूला कोर्टात उभा करतो." झालं! कावळ्यानं झडपच घातली.

रवळू : मग कर की उभा. बेळगावात विद्युल्लता वकीलबाई तक्रार लिवून बसल्यात. घरच्यांची साक्ष पायजे म्हणत्यात.

परशराम : शामू मंगलचा सख्खा भाऊ हाय रं. आन शब्द दिलता मेलेल्याला. तू तर जित्ता! शब्द बाद.

रवळू : म्हंजे मेलो असतो तर न्याय मिळाला असता?

परशराम : शंभर टक्के.

रवळू : वा! मग मी जित्ता, तर कावळा कुणासाठी आलता?

परशराम : भुका असंल.

रवळू : आदीचं दोन तास त्येचा उपास हुता व्हय? ...परशा, तुरुंगात माझ्याजवळ नंदगडचा नागेंद्र हुता. त्यालाबी शामूनंच धाडलंता. तापानं गेला, माझ्या मांडीवर. परवा त्याच्या आईला सांगून आलो. म्हातारी म्हणती, "तूबी मेलाच हुतास की. आलास न्हवं? तसाच माझाबी येईल." दिवस घालू दीना. मला वाटतंय, त्यो कावळा नागेंद्राचा हुता.

परशराम : ...मंगल, ऐकलंस?

मंगल : ऐकलं. उठा दोघंबी. नवाची बस हाय बेळगावला.

परशराम : अगं, शामू तुझा भाऊ हाय!

मंगल : म्हणूनच इस्वास ठेवला. अण्णांचा पासपोर्ट त्याच्या हातात मीच दिलता. साक्षीवर पयली सही माझी.